एका हातात खुरपे, एका हातात सुई



फाल्गुन लागला की आमच्या घरात दरवर्षी एक भांडण सुरू होते. ते माणसांचे नव्हे, माझ्या शिलाई मशीनचे आणि दारापुढच्या बागेचे. थंडी ओसरते, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते आणि सकाळी मातीत हात घालावासा वाटतो. नेमक्या त्याच दिवसांत १४ एप्रिल जवळ येतो. वस्तीतल्या बायाबापड्या पांढरे कापड काखेत घेऊन दारात उभ्या राहतात. "ताई, एवढा एक कुडता करून द्या." नाही म्हणवत नाही. पैशासाठी तर नाहीच, आणि खरे सांगायचे तर आवडीसाठीही नाही. कोऱ्या कापडावर कात्री चालवण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात मिळत नाही. मिळालेच तर फक्त बी उगवलेले पाहण्यात.

बाग म्हणजे फार मोठे काही समजू नका. आम्ही नागपूरला राहतो. दारापुढे दहा फूट लांब, चार फूट रुंद मातीची पट्टी आहे. भिंतीला लागून तेलाचे अकरा डबे आणि एक फुटकी बादली आहे. त्यात भेंडी, चवळी, दोडके, काकडी, मिरची, सांबार आणि कोपऱ्यात सासूबाईंचा दुधीचा वेल. शिलाई मशीनही तशीच, पायाची आणि जुनी, लग्नात माहेरून आलेली. घरातल्या सगळ्यांचे कपडे मीच शिवते. बाहेरचे कपडे सणासुदीला घेते.

आज या दोन आवडींविषयी लिहायचे कारण असे, की या भांडणात माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. ती आधी सांगते आणि मग उपाय सांगते.

२०२२ सालची गोष्ट. मोठ्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. म्हणून त्या वर्षी मी जयंतीसाठी बाहेरचे बावीस नग शिवायला घेतले. शिवाय घरचे पाच होतेच. मार्चच्या मध्यावर सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला मोठ्या नणंदेकडे गेल्या. जाताना एकच गोष्ट सांगून गेल्या, "तेवढा वेल सांभाळजो, बाई."

त्या वेलाची कथा अशी. दुधीचे ते बी सासूबाईंच्या माहेरचे, त्यांच्या आईच्या हातचे. दरवर्षी पहिला दुधी बियांसाठी वेलावरच राखायचा, वाळला की बिया काढून राखेत घोळून डब्यात ठेवायच्या, हा त्यांचा नेम. पण बी मागणाऱ्याला त्या नाही म्हणत नसत. देता देता डब्यात चारच बिया उरल्या होत्या. त्या चारही आम्ही फेब्रुवारीत लावल्या. दोन उगवल्या. त्यातला एक वेल टिकला आणि मांडवावर चढला. त्याला बोटाएवढी तीन फळे धरली होती.

सासूबाई गेल्या आणि मी मशीनला चिकटले. आमच्या ह्यांची तेव्हा रात्रपाळी होती. सकाळी नळ येई तेव्हा मी घरचे पाणी भरून लगेच शिवायला बसे. आज घालते, उद्या घालते, असे म्हणता म्हणता पाच दिवस झाडांना पाणी पडले नाही. मार्चअखेरचे नागपूरचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. सहाव्या दिवशी बाहेर आले तर वेलाची पाने कागदासारखी वाजत होती. बादल्यांनी पाणी ओतले. भेंडी सावरली, चवळी सावरली, पण दुधी गेला.

बावीस नग वेळेवर दिले. मुलीची फी भरली. जयंतीला सगळी वस्ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मिरवणुकीला निघाली. त्यातले कितीतरी कपडे माझ्या हातचे होते. सगळे कौतुक करत होते, आणि माझे लक्ष मात्र कोपऱ्यातल्या रिकाम्या मांडवाकडे जात होते.

सासूबाई परत आल्या. हिरवा चष्मा काढून त्यांनी मांडवाकडे पाहिले. आत गेल्या, फळीवरचा राखेचा डबा काढला, हलवून पाहिला आणि परत ठेवला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते, असे मला तेव्हा झाले.

पुढे वैशाख पौर्णिमेला आम्ही दोघी विहारात गेलो. ऑपरेशननंतर त्यांना आता लांबचे स्वच्छ दिसत होते. भन्तेजी बसले होते. त्यांच्या चीवराकडे सासूबाई बराच वेळ टक लावून पाहत राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पाय ना वो बाई, ह्या त धानाच्या बांध्याच दिसतेत."

भंडारा हा धानाचा जिल्हा. त्यांचा जन्म बांध्यांत चिखल तुडवण्यात गेलेला. त्यांना चीवराच्या शिवणीत बांधच दिसले. आणि गंमत अशी की ते खरेच आहे. विनयपिटकात, महावग्गात ही हकिकत आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणगिरीकडे चालले असताना त्यांनी मगधातली शेते पाहिली. चौकोनी वाफे, मधून गेलेले बांध, आडवे-उभे छेद. ते आनंदाला म्हणाले, अशा आखणीचे चीवर भिक्षूंसाठी करता येईल का? आनंदाने तसे तुकडे कापून, जोडून चीवर तयार केले आणि ते बुद्धांना पसंत पडले. म्हणजे ज्या वस्त्राला आपण वंदन करतो त्याचा नमुना शेतावरून घेतलेला आहे.

मी सासूबाईंना ही गोष्ट सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "मंग शेत न् शिवण एकच झाले की." माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हटले, "आई, वेल माझ्यामुळे गेला." त्या म्हणाल्या, "वेल उन्हाने गेला. तू आपल्या पोरीसाठी बसली होतीस." पण पुढे हेही म्हणाल्या, "पण हिशेब चुकला तुझा."

हिशेब चुकला, हे मात्र अगदी खरे. घरी येऊन मी पाटीवर तो हिशेब मांडला. तुम्हीही मांडून पाहा. मला एका नगाला साधारण तीन तास लागतात. सत्तावीस नग म्हणजे एक्याऐंशी तास. स्वयंपाक, पाणी, धुणे, मुलांचा अभ्यास हे सगळे करून शिवायला दिवसाला दोनच तास मिळतात. १० मार्च ते १० एप्रिल धरले तर एकतीस दिवसांचे बासष्ट तास. म्हणजे एकोणीस तास कमीच पडत होते. ते मी कुठून आणले? थोडे झोपेतून आणि थोडे झाडांच्या पाण्यातून. वेल वाळला तो त्या एकोणीस तासांत.

शिवणाऱ्या मैत्रिणींना 'माया' हा शब्द सांगायला नको. कापताना शिवणीसाठी आपण जास्तीचे कापड सोडतो ती माया. माया न सोडता कापलेला कपडा पहिल्या धुण्यात उसवतो. मी कापडात माया सोडत होते, दिवसांत सोडत नव्हते. वीज जाणार, पाहुणे येणार, एखाद्या पोराला ताप येणार, हे काही हिशेबात धरलेच नव्हते. आता मी बासष्ट तासांतला चौथा हिस्सा मोकळा सोडते. उरतात सेहेचाळीस तास, म्हणजे पंधरा नग. घरचे पाच वजा केले की बाहेरचे दहाच. अकरावी बाई आली की तिला कापड ठेवून जा म्हणत नाही. "जयंतीनंतर देईन, चालेल का?" असे सरळ विचारते. फीसाठी लागणारे बाकीचे पैसे आता जूनमधल्या शाळेच्या गणवेशांवर मिळवते. एकाच महिन्यावर सगळा भार टाकत नाही.

दुसरी गोष्ट मला त्या वर्षी उमगली ती अशी. कापड वाट पाहते, झाड पाहत नाही. अर्धा शिवलेला कुडता घडी करून आठ दिवस ठेवला तर त्याचे काही बिघडत नाही. तहानलेल्या वेलाला आठ दिवस नाहीत. म्हणून दिवसाचे पहिले अर्धे तास झाडांचे, मग बाकी सगळे. आणि झाडांचे जड काम शिवणाच्या गर्दीआधी उरकायचे. दोन्ही कामांचा जोर एकाच आठवड्यात येऊ द्यायचा नाही. माझे वेळापत्रक असे आहे.

जानेवारीच्या शेवटी डब्यांतली माती उपसून उन्हात तापवते. अर्धी माती, अर्धे कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे भरते. डब्याच्या बुडाला चार भोके हवीतच.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बी लावते. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावले की लवकर उगवते. भेंडी साधारण पन्नास दिवसांत तोडायला येते, म्हणजे मार्चअखेरीस. शिवणाच्या ऐन गर्दीत भाजी दारात मिळते, बाजाराची एक फेरी वाचते. चवळाई म्हणजे तांदुळजा तर महिन्याभरात खुडता येतो. मेथी मात्र उन्हाळ्यात फार लावू नका, ती लवकर फुलावर येते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कापड घेते. सुती कापड असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे, किंचित ओलसर असताना इस्त्री करावी. सुती कापड आटते. न भिजवता शिवलेला मुलाचा कुडता पहिल्या धुण्यातच आखूड होतो. याच पंधरवड्यात सगळ्यांची मापे घेऊन सगळी कापणी एकदम उरकते. कापलेला प्रत्येक नग वेगळ्या जुन्या ओढणीत बांधून, वर नावाची चिठ्ठी टाचून ठेवते.

मार्चमध्ये मशीन. दुपारी बारा ते दोन. या महिन्यात बागेत फक्त पाणी, वेल बांधणे आणि तोडणी. भेंडी एक दिवसाआड तोडावी, नाहीतर ती जून होते. ही तोडणी मुलांकडे द्या, आनंदाने करतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मशीनचे काम जवळजवळ संपलेले असावे. राहिलेली काजे, बटणे, तुरपाई हातानेच होते. ती संध्याकाळी झाडांना पाणी घालून झाले की दारात बसून करता येते.

आता या दोन कामांनी एकमेकींना मदत कशी करावी, ते सांगते.

कापणीतून उरलेल्या सुती चिंध्या फेकू नका. वेल मांडवाला बांधायला सुतळीपेक्षा चिंधी चांगली, कोवळा देठ कापला जात नाही. गाठ सैल, आठच्या आकड्यासारखी बांधावी. गावाला जायचे असेल तर चिंधीची जाड वात करावी. एक टोक पाण्याच्या बादलीत बुडवावे, दुसरे कुंडीच्या मातीत बोटभर खोल पुरावे. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवावी. माती हळूहळू ओली राहते. त्या वर्षी ही वात लावली असती, तर वेल वाचला असता असे मला आजही वाटते.

जुने सुती लुगडे किंवा पांढरी साडी मांडवावर दुपारपुरती ताणली की वेलांना सावली होते. वाळलेला पालापाचोळा डब्यात मातीवर पसरला की ओल टिकते. कूलरचे पाणी आठवड्याला बदलायचेच असते, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात. ते पाणी नालीत न सोडता झाडांना घाला. त्यात क्षार साचतात, म्हणून निम्मे साधे पाणी मिसळा.

दुधीला फुले येतात आणि फळे गळतात, अशी पुष्कळ जणींची तक्रार असते. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादीफूल. साध्या लांब देठाचे ते नरफूल. संध्याकाळी नरफूल खुडून त्यातला पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. फळ धरते. तेवढ्यात मशीनवरून उठून पाठही मोकळी होते.

मातीच्या हातांचे आणि पांढऱ्या कापडाचे जमत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. मातीत हात घालण्याआधी साबणाच्या वडीवर नखे ओढावीत. नखांत साबण बसतो, माती बसत नाही. नंतर धुतले की हात स्वच्छ. पांढऱ्या कपड्याला माती लागलीच तर ओली असताना चोळू नये. वाळू द्यावी, झटकावी आणि मग थंड पाण्याने साबण लावून धुवावी. मशीनला तेल दिले की आधी चिंधीवर दोन-चार ओळी चालवाव्यात. नाहीतर पहिला डाग कोऱ्या कुडत्यावर पडतो. आणि मुलांच्या कपड्यांना खाली दोन इंच दुमड, बाजूला इंचभर माया सोडावी. पुढच्या जयंतीला उसवून वाढवता येते. पांढरा कपडा नवाच हवा असे कुठे आहे? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळे भाषण केले. त्यात कपड्यांविषयी त्यांचे सांगणे होते ते स्वच्छतेचे. फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असावे. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि राहणी बदलली. कर्ज काढून कपडे घ्या, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट. ही दोन्ही कामे बाईची आवड असली, तरी त्यांचे फळ सगळे घर खाते आणि सगळे घर नेसते. मग पाणी घालायला घरातल्या पुरुषांचे हात का लागू नयेत? २०२२ नंतर आमच्या ह्यांनी सकाळचे पाणी आपल्याकडे घेतले. रात्रपाळीहून आले की आधी झाडांना पाणी, मग चहा. धाकटा मुलगा बटणे लावायला शिकला. पहिल्यांदा त्याचे मित्र हसले. आता त्यातले दोघे आपली बटणे घेऊन त्याच्याचकडे येतात.

दुधीचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही गावी गेलो. चुलत जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात आढ्याला एक वाळलेला दुधी टांगलेला होता. सासूबाईंनी खाली उभे राहूनच ओळखला. "हा कोठचा?" जाऊबाई म्हणाल्या, "तुमचाच न काकूबाई. तुम्हीच त दिल्या होत्या बिया." सासूबाई मटकन खाली बसल्या. दुधी हलवला तर आत बिया खुळखुळल्या. त्यांनी तो कानाशी धरून पुन्हा पुन्हा हलवला.

दिलेले बीच परत आले. डब्यात जपून ठेवलेले असते तर कदाचित संपले असते. त्यातल्या नऊ बिया आम्ही आणल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत तीन लावल्या, सहा राखेत ठेवल्या. तेव्हापासून दरवर्षी पहिला दुधी वेलावरच वाळतो. आता बी राखायची पिशवी मी शिवली आहे, कुडत्याच्या उरलेल्या पांढऱ्या कापडाची, वर निळी पट्टी लावून. जयंतीचे कपडे न्यायला येणाऱ्या बाईच्या हातावर सासूबाई दोन बिया ठेवतात. म्हणतात, "कुडता फाटन एक दिवस. हे लाव."

मैत्रिणींनो, यंदा तुम्ही किती नग घेतले आहेत, ते आज रात्री पाटीवर मांडून पाहा. आणि मांडण्याआधी झाडांना पाणी घाला.